बिब्बा : रानातला, वैद्याकडचा आणि होमिओपॅथीच्या गोळीतला

(व्याख्यानाचा मजकूर)

चालत्या कामात कोणी मोडता घातला, की ‘त्याने बिब्बा घातला’ असे मराठी माणूस सहज म्हणून जातो. ग्रामपंचायतीच्या सभेत तर हा वाक्प्रचार वर्षातून दोन-चार वेळा तरी कानी पडतोच. मात्र ज्या फळावरून हा वाक्प्रचार रूढ झाला, ते फळ आज शहरातल्या किती जणांनी हातात घेऊन पाहिले असेल, याची शंकाच आहे. शनिवारी किंवा अमावास्येला दुकानाच्या दारावर लिंबू-मिरचीच्या दोऱ्यात ओवलेले एक काळे, चपटे, चकाकणारे फळ दिसते, तेवढीच त्याची ओळख उरली आहे. खेड्यात मात्र बिब्बा अजूनही घरातला आहे. तो आजीच्या बटव्यात आहे, परटाच्या खुणेत आहे, वैद्याच्या खलात आहे आणि ‘ॲनाकार्डियम ओरिएंटाले’ या परक्या वाटणाऱ्या नावाने तो होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्यांच्या बाटलीवरही आहे. एकाच फळाची ही निरनिराळी रूपे एकमेकांत मिसळली गेली की घोटाळा होतो, आणि त्या घोटाळ्याची किंमत बहुधा एखादे मूल, एखादी बाळंतीण किंवा रोजंदारीवर बिब्बे फोडणारी एखादी बाई मोजते. म्हणून ही रूपे एकदा नीट वेगळी करून पाहणे अगत्याचे आहे.

बिब्ब्याचा वृक्ष मध्यम उंचीचा असून तो पानझडी जंगलात वाढतो. विदर्भातील सागवानाची जंगले, सातपुड्याचा पायथा, सह्याद्रीचे उतार अशा ठिकाणी तो आढळतो. पाने हातभर लांब व रुंद, खरखरीत. आंबा, काजू, चारोळी या सर्वांचा तो जवळचा नातलग होय, कारण वनस्पतिशास्त्राने या सर्वांना एकाच कुळात घातले आहे. हिवाळ्याच्या सुमारास फळ तयार होते. त्याचे दोन भाग स्पष्ट दिसतात. खाली नारिंगी रंगाचा मांसल देठ आणि त्याच्या टोकावर बसविलेले काळे, हृदयाच्या आकाराचे, सुमारे इंचभर लांबीचे फळ. काजूच्या बोंडाची व बीची जशी रचना असते, तशीच ही रचना. पिकलेला नारिंगी भाग गोडसर-तुरट लागतो. रानावनातली मुले तो आवडीने खातात, आदिवासी कुटुंबांत तो वाळवून ठेवतात. आतल्या बियांच्या गराला गोडंबी म्हणतात. ती बदामासारखी रुचकर असून बाळंतिणीच्या लाडवांत तिला मानाचे स्थान आहे. खाली गोड बोंड आणि आत गोड गोडंबी, पण या दोहोंमध्ये जे जाड काळे कवच आहे, त्याच्या पोकळ्यांत एक दाट, चिकट, काळसर तेल भरलेले असते. या फळाची सारी कीर्ती आणि सारी अपकीर्ती त्या तेलात आहे.

संस्कृतात त्यास भल्लातक व अरुष्कर अशी नावे आहेत. अरुष्कर म्हणजे व्रण करणारा. हिंदीत तो भिलावा झाला, मराठीत बिब्बा, बिबा, बिबवा. पुण्याच्या बिबवेवाडीचे नाव या झाडांवरूनच पडले असे सांगतात. शास्त्रीय नाव सेमेकार्पस ॲनाकार्डियम. त्यातील पहिल्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘खुणेचे फळ’ असा होतो, कारण परीट कपड्यांवर खूण करण्यासाठी याच रसाचा उपयोग करीत. बिब्ब्याला टोचून काडीने रस कापडावर लावावा, वर चुना लावावा, की काळी खूण उमटे. भट्टी, सोडा, दगडावरची आपट, काही केल्या ती जात नसे. दुसऱ्या ‘ॲनाकार्डियम’ या नावाची कथा मात्र गमतीची आहे. हृदयासारख्या आकारामुळे युरोपातील औषधविक्रेते शतकानुशतके आपल्या बिब्ब्यालाच ॲनाकार्डियम म्हणत. पुढे पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलचा काजू गोव्याच्या किनाऱ्यावर आणला आणि अठराव्या शतकात लिनियसने ते नाव काजूला देऊन टाकले. बिब्ब्याकडे ते दुय्यम नाव म्हणून उरले. होमिओपॅथीने जुने नाव सोडले नाही. ‘पूर्वेकडचा’ या अर्थाचे ‘ओरिएंटाले’ हे विशेषण जोडून तिने बिब्बा आणि काजू यांत फरक केला.

घरगुती उपयोग

घराघरांतून बिब्ब्याचा उपयोग कसा होत आला, हे पाहिले म्हणजे लोकांना या फळाविषयी धाक आणि विश्वास दोन्ही किती होते ते कळते. अनवाणी चालून पायांना भेगा पडल्या, की सुईला बिब्बा टोचून दिव्यावर धरावा आणि निघालेले तेल भेगेत सोडावे, अशी रीत होती. काटा मोडून पाय ठणकू लागला तर हाच उपाय. गुडघा किंवा कंबर धरली तर त्या जागी बिब्ब्याचे ठिपके देत. खोकला व घशातली पडजीभ लोंबणे यांवर बिब्बा दिव्याच्या ज्योतीवर तापवून त्याचे तेल दुधात ठिबकवून ते दूध पाजीत. कोकणातील ही शेवटची रीत विल्यम डायमॉक यांनी नोंदवून ठेवली आहे. डायमॉक हे मुंबईत सरकारी औषध-भांडाराचे प्रमुख होते. त्यांनी दोन सहकाऱ्यांसह सिद्ध केलेला हिंदुस्थानी वनौषधींवरील ग्रंथ १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध झाला, आणि त्यात अशा अनेक घरगुती उपचारांना जागा मिळाली.

या रीतींबरोबर पथ्येही चालत आली. बिब्बा घेणाऱ्याने उन्हात जाऊ नये, विस्तवाजवळ बसू नये, तिखट-मीठ टाळावे, तूप व दूध भरपूर घ्यावे, आणि अंगावर ‘बिब्बा उतला’ तर खोबरे व तीळ खावेत, तेच वाटून लावावेत. ‘उतणे’ हा दुधासाठीचा शब्द लोकांनी अंगावर फुटून येणाऱ्या फोडांसाठी वापरावा, यात मोठे निरीक्षण आहे. तेल लावले पायाला आणि सूज आली तोंडावर, असे या फळाच्या बाबतीत घडते. बाह्यतः शांत दिसणारे शरीर एकदम उतू जाते.

असे का घडते, याचे उत्तर आता रसायनशास्त्राने दिले आहे. कवचातील तेलात ‘भिलावनॉल’ नावाचे द्रव्य असते. अमेरिकेतील ‘पॉयझन आयव्ही’ या कुप्रसिद्ध वेलीत आणि जपानी लाखेच्या झाडात जे दाहक द्रव्य आहे, त्याचेच हे भावंड होय. ते त्वचेत मुरते, तेथील प्रथिनांशी जोडले जाते आणि शरीराची संरक्षण-यंत्रणा त्यास शत्रू समजून हल्ला चढविते. येथे एक बारकावा ध्यानी घेण्याजोगा आहे. पहिल्या स्पर्शाच्या वेळी पुष्कळांना विशेष काही होत नाही. शरीर त्या वेळी केवळ ओळख करून घेत असते. पुढच्या वेळी मात्र एखादा थेंबही पुरतो, आणि तोही लगेच नव्हे, तर बहुधा एक-दोन दिवसांनी आपला प्रताप दाखवितो. सोमवारी रानात बिब्बा हाताळला आणि बुधवारी चेहरा सुजला, म्हणजे या दोन घटनांचा संबंध कोण जोडणार? मग नजर लागली, देवीचा कोप झाला, बाहेरचे काही झाले, असे तर्क सुरू होतात. ‘मला कधी उतत नाही’ असे अभिमानाने सांगणारा माणूसही कायम सुरक्षित असतोच असे नाही.

परटाच्या खुणेने तर एकदा परदेशी सैन्यालाही त्रस्त केले होते. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, कमरेवर, जेथे जेथे कपड्यांवर खूण होती नेमके तेथेच खाजरे चट्टे उठू लागले. शोध घेता मूळ सापडले ते बिब्ब्यात. अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी १९४३ साली या विकाराचे वर्णन ‘धोबी-खुणेचा त्वचादाह’ या नावाने वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. धुऊन, वाळवून, इस्त्री करून झालेल्या कपड्यावरचा वाळका ठिपका जर एवढे करू शकतो, तर ताज्या तेलाची काय कथा!

वैद्यांचा बिब्बा

आयुर्वेदाने या तेलाचा स्वभाव फार पूर्वी ओळखला होता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पहिल्याच, रसायनाच्या अध्यायात भल्लातकाच्या दहा प्रकारच्या कल्पना सांगितल्या आहेत. हे फळ तीक्ष्ण असून अग्नीसारखे जाळते, परंतु विधिपूर्वक योजिले असता अमृतासारखे ठरते, असा तेथील आशय आहे. तो विधी मुद्दाम पाहण्यासारखा आहे. निर्दोष, पक्व फळे ज्येष्ठ-आषाढात गोळा करावीत, जवाच्या किंवा उडदाच्या राशीत चार महिने पुरून ठेवावीत, मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत प्रयोगास आरंभ करावा, त्यापूर्वी शरीर थंड, स्निग्ध, मधुर आहाराने तयार करावे, फळे ठेचून आठपट पाण्यात काढा करावा आणि तोंडाला आतून तूप लावून मगच तो प्यावा. ऋतू, आहार, साठवण, मात्रा, तुपाचे अस्तर, एकेका पायरीवर सावधगिरी आहे. अमृत हा शब्द तेवढा लोकांच्या लक्षात राहिला, आणि चार महिन्यांची धान्याची रास मात्र विसरली गेली, हे दुर्दैव होय.

पुढील काळातील रसशास्त्राने शोधनाची, म्हणजे विषारीपणा कमी करण्याची, स्वतंत्र रीत घालून दिली. फळांची देठे काढून ती विटांच्या भुकटीबरोबर जाड पिशवीत घालून घासतात. भुकटी तेल शोषून घेते, ती ओली झाली की बदलतात, आणि शेवटी फळे गरम पाण्याने धुतात. गोमूत्र व दूध यांचाही उपयोग सांगितला आहे. ही कामे करणाऱ्याने हातांना खोबरेल लावावे, अंग झाकून घ्यावे, असा दंडक आहे. मूळव्याध, जुनाट त्वचारोग, संधिवात आदी विकारांत वैद्य शोधित भल्लातकाचे योग वापरतात. अलीकडच्या दशकांत कर्करोगाच्या पेशींवर या फळातील द्रव्यांचे प्रयोगशाळेत प्रयोग झाले आहेत. परंतु काचेच्या नळीतील पेशी मरणे आणि रोगी बरा होणे यांत मोठे अंतर असते, आणि ते अंतर बिब्ब्याने अद्याप ओलांडलेले नाही. कर्करोगाच्या रुग्णाने चाललेले उपचार सोडून बिब्ब्याच्या मागे लागणे हे जिवावरचे साहस होय.

कायद्यानेही या बाबतीत स्पष्ट भूमिका घेतली आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या ‘ई-१’ या अनुसूचीत आयुर्वेदातील विषारी द्रव्यांची यादी आहे, आणि अफू, धोतरा, बचनाग, कुचला यांच्या पंक्तीत भल्लातकही बसविलेला आहे. ही द्रव्ये असलेले पोटात घेण्याचे औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. आठवडी बाजारात चादर पसरून सर्व रोगांवर एकच पुडी विकणाऱ्याकडे असे वेष्टन असत नाही, हे ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी पाहून ठेवावे.

स्मरणशक्तीचे औषध

होमिओपॅथीकडे वळण्यापूर्वी अरबस्तानातून जाणे भाग आहे, कारण बिब्बा युरोपात पोहोचला तो त्या वाटेने. अरब वैद्य त्यास ‘बलाधुर’ म्हणत आणि विस्मृतीवरचे ते मोठे औषध मानीत. नवव्या शतकातील विख्यात इतिहासकार अल-बलाधुरी यांचे नावच मुळी या फळावरून पडले. नकळत बलाधुरचा रस जास्त प्याल्याने त्यांना वेड लागले व त्यातच त्यांचा अंत झाला, अशी कथा आहे. तिच्या खरेखोटेपणाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण अशी कथा रचली जावी हेच बोलके आहे. त्याच मुलखांतील ज्यू विद्यार्थ्यांमध्ये एक म्हण प्रचलित होती. पाठांतराची उजळणी पुन्हा पुन्हा करा, म्हणजे बलाधुरची गरज पडणार नाही, असा तिचा भावार्थ. शिक्षकमंडळींना ही म्हण पटण्यास अडचण पडू नये.

युरोपात बिब्ब्याचा अवलेह ‘शहाण्यांचा अवलेह’ या नावाने विकला जाई. विद्यार्थी व विद्वान बुद्धी तल्लख व्हावी म्हणून तो चाटीत. तथापि त्याच्या अतिसेवनाने काहींची होती ती स्मृतीही गेली आणि काही भ्रमिष्ट झाले, असे ध्यानी आल्यावर कास्पर होफमान या जर्मन वैद्याने त्याचे ‘मूर्खांचा अवलेह’ असे नामांतर करून टाकले.

ज्या औषधाने स्मृती वाढते म्हणतात, त्यानेच ती जाते, ही विसंगती जर्मन वैद्य सॅम्युएल हानेमान (१७५५ ते १८४३) यांना विसंगती वाटली नाही. उलट त्यांच्या विचाराला ती पोषकच होती. निरोगी माणसात जे द्रव्य जी लक्षणे उत्पन्न करते, तेच द्रव्य अत्यल्प प्रमाणात दिल्यास तशाच लक्षणांचा रोग बरा करते, हा त्यांचा सिद्धांत. सिंकोनाच्या सालीचा प्रयोग त्यांनी १७९० साली स्वतःवर केला आणि १८१० साली ‘ऑर्गेनॉन’ हा ग्रंथ लिहून पद्धतीची मांडणी केली. बिब्ब्याची परीक्षाही याच रीतीने झाली. निरोगी व्यक्तींना तो देऊन त्यांना काय काय वाटले याच्या नोंदी ठेवण्यात आल्या, आणि जुनाट रोगांवरील त्यांच्या ग्रंथाच्या १८३५ पासून निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत त्या समाविष्ट झाल्या. अवलेहाच्या नामांतराची हकीकतही हानेमान यांनी तेथे दिली आहे.

त्या नोंदींवरून होमिओपॅथीच्या ग्रंथांत ‘ॲनाकार्डियम ओरिएंटाले’चे जे चित्र उभे राहिले, ते असे. एकाएकी आठवण जाणे, नावे न आठवणे, परीक्षेची धास्ती, स्वतःवरचा विश्वास उडणे. मनात दोन इच्छा एकमेकींशी भांडत आहेत, एक म्हणते कर आणि दुसरी म्हणते करू नको, असे वाटणे. शरीरात कोठेतरी खुंटी ठोकली आहे असा भास. उपाशीपोटी दुखणे आणि खाल्ल्याबरोबर बरे वाटणे. आणि त्वचेवर पाण्याचे फोड येऊन अनावर खाज सुटणे. यांतील शेवटचे लक्षण कोणत्याही खेडुताने ऐकताच ओळखावे. तो उतलेला बिब्बाच आहे. विस्मृतीचे लक्षणही अरबांच्या व होफमानच्या हकीकतींशी जुळते. म्हणजे हे चित्र अगदी हवेतून काढलेले नव्हे, त्यात फळाच्या खऱ्या गुणदोषांची छाया आहे. आपल्या काजऱ्याच्या बियांपासून केलेले ‘नक्स व्होमिका’ हे औषधही असेच जुन्या विषाच्या ओळखीतून होमिओपॅथीत आले.

आता प्रश्न असा, की बाटलीतल्या गोळीत हा बिब्बा असतो किती? फळापासून अर्क काढतात, त्यास मूळ अर्क म्हणतात. त्याचा एक भाग शंभरात मिसळून तो जोराने हलवितात, त्या मिश्रणाचा एक भाग पुन्हा शंभरात, असे करीत जातात. बाटलीवर ‘३०’ असे लिहिले असेल तर ही क्रिया तीस वेळा झाली. याचा अर्थ एकावर साठ शून्ये एवढ्या पटीने बिब्बा विरळ झाला. पदार्थाचे रेणू अगणित नसतात. बाराव्या पायरीच्या सुमारासच मूळ द्रव्याचा एखादा रेणू उरण्याची शक्यता संपत येते, आणि त्यापुढील अठरा पायऱ्या केवळ साखर-अल्कोहोलच्या राहतात. होमिओपॅथीचे पुरस्कर्ते म्हणतात, की द्रव्य उरले नाही तरी हलविण्याच्या क्रियेने त्याची शक्ती माध्यमात उतरते. पदार्थविज्ञानाला अशा शक्तीचा पुरावा आजवर मिळालेला नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन २०१५ साली असा निष्कर्ष काढला, की होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजाराच्या बाबतीत नाही. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने २०१७ साली आपल्या डॉक्टरांना ही औषधे लिहून न देण्याची शिफारस केली.

दुसऱ्या बाजूने, आपल्या देशात ही एक मान्य पद्धती आहे. होमिओपॅथी केंद्रीय परिषदेचा कायदा १९७३ साली झाला. त्याची जागा २०२० च्या राष्ट्रीय होमिओपॅथी आयोगाच्या कायद्याने घेतली. शासनमान्य महाविद्यालयांतून शिकलेले चिकित्सक गावोगाव आहेत, आणि पुष्कळ कुटुंबांचा त्यांच्यावर लोभ आहे. तो लोभ केवळ गोड गोळीमुळे नसतो. अर्धा तास बसवून, झोप कशी लागते, राग केव्हा येतो, असे जिव्हाळ्याने विचारणारा चिकित्सक अन्यत्र दुर्मिळ झाला आहे, हेही त्याचे कारण होय. कायद्याची मान्यता आणि विज्ञानाचा पुरावा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, एवढे मात्र अधिकारी व शिक्षक यांनी मनात स्पष्ट ठेवलेले बरे. परीक्षेच्या दिवसांत पालक मुलांना ‘ॲनाकार्डियम’च्या गोळ्या देतात. त्या विरळ गोळ्यांनी इजा होणार नाही, तशी स्मृतीही वाढणार नाही.

घोटाळा कोठे होतो

खरी चिंता वेगळीच आहे. ‘होमिओपॅथीत बिब्बा आहे, आयुर्वेदात बिब्बा आहे, म्हणजे बिब्बा चांगलाच’ असा तर्क करून कोणी कच्चा बिब्बा हाती घेतो. गोळीचा निरुपद्रवीपणा आणि चरकाचे प्रामाण्य, दोन्ही उसने घेऊन ते परसातल्या कच्च्या फळाला चिकटविले जातात. होमिओपॅथीतही मूळ अर्क व अगदी खालच्या पायरीची औषधे यांत द्रव्य प्रत्यक्ष असते. ३० आकड्याच्या गोळीचा नियम त्यांना लावता येत नाही. कच्च्या तेलाने त्वचाच केवळ भाजते असेही नाही. बिब्ब्याच्या रसाच्या संपर्कानंतर मूत्रपिंडाच्या बाह्य स्तराचा नाश झाल्याची नोंद १९७९ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आहे. बिब्बा लावल्यानंतर लघवी कमी झाली, लाल झाली किंवा अंगावर सूज चढली, तर ती ‘उष्णता’ समजून घरी थांबू नये. रुग्णास तत्काळ दवाखान्यात न्यावे.

त्वचेला तेल लागले तर काय करावे, हे शाळेच्या फळ्यावर लिहिण्याजोगे आहे. ती जागा शक्य तितक्या लवकर साबण व भरपूर थंड पाण्याने धुवावी. नखांखालचा भागही धुवावा. कपडे वेगळे काढून धुवावेत. धुण्यापूर्वीच खोबरेल चोळू नये, कारण त्यायोगे रस पसरतो. धुतल्यानंतर लावण्यास हरकत नाही. फोड फोडू नयेत. डोळ्यांना, तोंडाला किंवा जननेंद्रियांना सूज आली, श्वासाला त्रास होऊ लागला किंवा लहान मूल असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. पोटात गेले असल्यास तर विचारच करीत बसू नये. कवचे जाळून त्यांच्या धुराजवळ बसणे हेही तितकेच वाईट. रानालगतच्या शाळांत मुलांना नारिंगी बोंड आणि काळे फळ यांतील भेद प्रत्यक्ष दाखवावा. बोंड खाताना दातांनी काळे कवच फुटले की ओठ, जीभ सारेच भाजते.

पोलीस पाटलांसाठी एक वेगळीच गोष्ट आहे. बिब्ब्याचा रस त्वचेवर लावून मार लागल्याची खोटी खूण उठविणे आणि प्रतिपक्षावर मारहाणीचा आरोप करणे, हा जुना डाव आहे. मोदी यांच्या न्यायवैद्यकावरील सुप्रसिद्ध ग्रंथासह त्या विषयाच्या पाठ्यपुस्तकांत त्याची माहिती असते. खरा मुका मार दिवसागणिक रंग बदलतो, निळसर, मग हिरवट, मग पिवळा. बिब्ब्याची खूण गडद तपकिरी राहते, तिच्या कडेला बारीक फोड असतात आणि ती खाजते. खाजविल्यामुळे तसेच फोड तक्रारदाराच्या बोटांच्या टोकांवरही सापडतात. अशा वेळी निदान डॉक्टरांनीच करावयाचे, पण संशय कोठे घ्यावा हे ठाऊक असलेले बरे. याच रसाचा गर्भपातासाठी होणारा अघोरी उपयोगही त्याच पुस्तकांत नोंदलेला आहे. त्यात बाईच्या जिवाला उघड धोका असतो, आणि गावातल्या आशा कार्यकर्तीने तो वेळीच हेरला पाहिजे.

राहता राहिल्या त्या बिब्बे फोडणाऱ्या बायका. विदर्भातील अनेक गावांतून बिब्बे फोडून गोडंबी काढण्याचे काम हंगामात चालते, आणि ते जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांच्या हाती आहे. दगडावर एक एक फळ धरून ते ठेचायचे, कवच बाजूला सारायचे, आतला दाणा अखंड काढायचा. ठेचताना तेल उडते ते हातावर, चेहऱ्यावर, कधी डोळ्यांत. बोटे काळी पडतात, कातडी सोलते, भेगा पडतात. त्याच हातांनी भाकरी थापावी लागते आणि तान्ह्या मुलाला घ्यावे लागते. बाजारात बदामाच्या शेजारी बसणारी गोडंबी घेताना या हातांची आठवण गिऱ्हाइकास नसते. फोडणारणीला मिळते ती मजुरी, आणि दाण्याच्या भावातील वाढ मधल्या व्यापाऱ्यापाशी राहते.

या बाबतीत करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले बरेचसे अवघड नाही. काजूच्या बिया कापण्यासाठी कोकणात पायाने दाबावयाची कात्रीयंत्रे पूर्वीपासून वापरात आहेत. त्या धर्तीचे साधन फळ आणि बोटे यांत अंतर ठेवू शकते. जाड रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, कामाच्या जागी साबण व वाहते पाणी, आणि मुलांना त्या जागेपासून दूर ठेवण्याची सोय, एवढे बचत गटामार्फत उभे करणे आवाक्यातले आहे. बिब्बा हे गौण वनोपज असून वनहक्क कायदा, २००६ अन्वये ते गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क पात्र वननिवासींना आहे. अनुसूचित क्षेत्रांत १९९६ च्या पेसा कायद्याने गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे दिली आहे. तेव्हा फळ कोणी गोळा करावयाचे, कोठे फोडावयाचे आणि दाणा कोणत्या भावाने कोणास द्यावयाचा, हे विषय ग्रामसभेच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेता येतात, आणि त्या बैठकीस बिब्बे फोडणाऱ्या बायका हजर राहतील अशी वेळ ठरविणे सरपंचांच्या हाती आहे. हंगामात त्या पहाटेपासून कामाला बसतात. सभा सायंकाळी ठेवावी लागेल.